सात वेळा ढवळलेलं पाणी

तबूला दात येत होते, त्यामुळे साळव्यांच्या घरात गेले चार दिवस कुणाचीच झोप पुरी होत नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले असतील. हर्षला लेकीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. एका हातानं नाचणीची पेज ढवळत होती, आणि दुसऱ्या हाताचं बोट तबूनं तोंडात धरून ठेवलं होतं. सुजलेल्या हिरड्यांनी ती ते असं चावत होती, जणू सगळ्या दुखण्याचं औषध त्याच बोटात आहे. पोर गप्प होती म्हणून आईही निवांत होती. आणि मग हर्षलाचं लक्ष गेलं, बोट उजव्या हाताचं होतं.

सकाळच्या वेळी तबू हे बोट तोंडात घेत नसे. साबणानं दोनदा धुतलं तरी त्या हाताला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा उग्र वास राहायचा. पोर नाक मुरडायची, हात ढकलून द्यायची, आणि दहा वाजेपर्यंत आईच्या डाव्या हातावर समाधान मानायची. आज मात्र ती उजवं बोट मिटक्या मारत चघळत होती.

हर्षलानं बोट सोडवून घेतलं आणि हुंगलं. लाळेचा वास आला. पेजेचा आला. बाकी काही नाही.

आंबेखोंड हे एकोणऐंशी घरांचं गाव. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणारा रस्ता सोडला की आत दीड मैल. गावाला पाणी मिळायचं ते डोंगरउतारावरच्या बैठ्या टाकीतून, आणि त्या पाण्यात रोज पहाटे औषध टाकायचं काम ग्रामपंचायतीनं हर्षलाला दिलेलं होतं. कागदावर जलसुरक्षक, लोकांच्या तोंडी पावडरवाली. मानधन इतकं कमी, की दुसरं कुणी त्या कामासाठी भांडायलाही आलं नव्हतं. पाचाला उठायचं, नवऱ्याच्या छातीवर पोर ठेवायची आणि टाकीवर जायचं. बादलीत पावडर घ्यायची, थोडं थोडं पाणी घालत गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायची, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. तासाभरानं पाणी सोडणारा गजा व्हॉल्व्ह उघडायचा आणि गाव हंडे भरायचं. नवऱ्याची, कमलेशची, खालापूरकडच्या कंपनीची बस सहाला यायची, त्याआधी ती घरी परत.

किती वेळ ढवळायचं? प्रशिक्षणात दहा मिनिटं सांगितली होती. पण हर्षलाचं माहेर नगरकडचं, आणि तिची आई भाकरी थापताना गीतं म्हणायची. कितवं कडवं चाललंय त्यावरून घरात कळायचं की टोपलीत किती भाकरी पडल्या. तीच सवय लेकीला. ती घड्याळ बघायची नाही. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सावकाश सात वेळा म्हणायची, तेवढ्यात बादलीतली पेस्ट लोण्यासारखी व्हायची. तिला त्यात फार बरं वाटायचं. ज्या कामाला कुणी काम म्हणत नाही, त्याला आपण देवाचं नाव लावलंय, असं वाटायचं.

आज सात वेळा म्हटली होती. ते लख्ख आठवत होतं. चौथ्या वेळी जांभई आली होती आणि ‘रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीवर ती अडखळली होती, तेसुद्धा आठवत होतं. पण डब्याचं झाकण उघडलं, मोजायचा पेला भरला, पावडर बादलीत पडली, यातलं एकही डोळ्यांपुढे येत नव्हतं. पाणी पांढरं दिसलं होतं खरं. पण काल पावसाच्या घाईत तिनं बादलीतला चुना टाकून न देता तसाच ठेवला होता. त्यानंही पाणी पांढरं झालं असेल. अंधार होता. डोळ्यांवर झोप होती.

म्हणजे आपण सात वेळा प्रार्थना म्हणत साधं पाणी ढवळलं की काय?

पेज तशीच उतरवून तिनं तबूला काखोटीला मारलं आणि टाकीकडे निघाली.

काही कळण्यासारखं तिथं नव्हतं. डब्याचं झाकण घट्ट होतं, पण ते नेहमीच घट्ट असायचं. पावडर निम्म्याच्या खाली होती. काल किती होती, हे कोण बघून ठेवतं? तिनं नळाखाली ओंजळ धरली, हुंगली, चव घेतली. दोन वर्षं रोज तोच वास घेऊन नाक मेलेलं. खात्री करायची एकच रीत होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, त्यात ‘ओटी’ नावाच्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात पावडर असली तर ते पिवळं होतं, नसली तर होत नाही. पण ती छोटी बाटली शनिवारी संपली होती, आणि ग्रामसेवक उद्या देतो, उद्या देतो म्हणत होते. गावची आशा कार्यकर्ती जना, तिच्याकडे एक असायची. हर्षलानं तिला फोन लावला. जना कर्जतला मीटिंगमध्ये होती, कुजबुजतच बोलली. बाटली घेऊन येते म्हणाली, पण एक वाजेल.

एक वाजेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. पाणी सातलाच घरोघर गेलं होतं. पलीकडच्या वाडीत मागच्याच आठवड्यात जुलाब-उलट्यांची साथ येऊन गेली होती, आणि टाकी जिच्यावर भरते ती विहीर नि वाडीची विहीर एकाच ओढ्याच्या काठच्या. त्यात आज बाराला येसूबाईच्या पणतवाचं बारसं होतं. दीडशे माणूस येणार होतं, आणि आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात सरबताचा पेला पडणार होता.

गजा व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी बिडी ओढत बसला होता. हर्षलानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, तबूच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, "वयनी, अजून येक पेला टाका नि गप ऱ्हावा. कोणाला कळतंय?"

"घरात गेलंय त्या पाण्याचं काय?"

"आमी एवढी वरसं वढ्याचं पेलो. मेलो काय?"

"वाडीतल्या तुमच्या बहिणीच्या पोराला मागच्या आठवड्यात सलाईन लागलं, तेव्हा तुम्हीच इथं डोळे पुसत होतात, गजाभाऊ."

गजानं बिडी विझवली. मग त्यानं दुसरा उपाय काढला, आणि तो खरं तर बरा होता. पाइप फुटला, गढूळ पाणी आलं असं सांगायचं. कुणाचं नाव नको, कुणाचा दोष नको. पावसाळ्यात पाइप फुटतातच.

हर्षलाला तो उपाय इतका आवडला, की तिनं मनातल्या मनात दोन घरी तो सांगूनही बघितला. आणि तिथंच तो मोडला. गढूळ म्हटलं की या गावातली बाई तुरटी फिरवते, फडक्यातून गाळते आणि पिते. ओतून कुणी देत नाही. पाणी ओतायला लावायचं तर खरं सांगावं लागणार, आणि विसरलीस कशी असं विचारतील, तेव्हा प्रार्थनेसकट सांगायचं.

तिथं ती अडली. एकोणऐंशी घरांत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. कमलेशचे वडील रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं चार गुंठे घेतले. गावानं कधी त्रास दिला नाही, लग्नाकार्यात बोलावलं, पण पंगतीत आणि ओटीवर. आत चुलीपर्यंत नाही. आणि मे महिन्यातल्या ग्रामसभेत याच येसूबाईनं उभं राहून विचारलं होतं, की ती पावडरवाली टाकीवर पुटपुटते काय? आमच्या पाण्यात मंतर टाकते काय? लोक हसले होते. सरपंच धनेशनं विषय बदलला होता. पण त्यानंतर दोन-तीन घरांनी पिण्याचं पाणी आठवडाभर हातपंपावरून आणलं होतं, हे हर्षलाला माहीत होतं. आता तिनं स्वतःच्या तोंडानं जाऊन सांगायचं, की हो, पुटपुटत होते, आणि त्या नादात औषध राहिलं.

टाकीवरून खाली येणारी पायवाट शेवाळ्यानं निसरडी झाली होती. तबूला छातीशी धरून ती एकेक पाऊल टाकत होती आणि प्रार्थना म्हणायला बघत होती, पण शब्दच पुढे येईनात. आठवत होते ते कर्जतच्या पाळकांचे बोल. भाड्याच्या हॉलमध्ये, पंख्याच्या आवाजात, ते एका रविवारच्या उपासनेत म्हणाले होते की प्रभूनं उपदेश केला तीन वर्षं, त्याआधी सुतारकाम किती वर्षं केलं असेल त्याचा विचार करा. जुवं केली असतील, नांगर केले असतील. त्यानं केलेलं जू बैलाच्या मानेला घासलं असतं, तर करणारा किती भक्तिमान आहे, याचं बैलाला काय? सगळे हसले होते. हर्षलाही हसली होती. बैल कोण, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिला वाटत आलं होतं, की पावडर म्हणजे नुसता वास, हाताला पडणाऱ्या चिरा; त्यातलं पवित्र काही असेल तर ते आपण म्हणतो ते शब्द. आज शब्द सातही वेळा नीट झाले होते. नासलं होतं ते दुसरंच.

येसूबाईच्या अंगणात मांडव होता. बायका कोथिंबीर निवडत होत्या, आणि ओटीवर निळं पिंप ठेवलेलं होतं, त्यात येसूबाईचा नातू विपुल लांब पळीनं केशरी सरबत हलवत होता. विपुलची बायको समीक्षा बाळाला घेऊन आतल्या दारात बसली होती. येसूबाई स्वतः पाटावर, गुडघ्यावर हात, सगळ्यांवर नजर.

"आलीस? जेवाया वेळ हाय अजून," ती म्हणाली.

"आजी, ते सरबत वाटू नका."

पळी थांबली. हर्षलानं सांगितलं, सरळ, एका दमात, तबूच्या पाठीवर हात ठेवून.

"म्हंजे पावडर नाय टाकलीस?"

"टाकली की नाही ते आठवत नाही."

"मंग काय आठवतंय तुला?"

"प्रार्थना म्हटलेली आठवते. सात वेळा. ढवळताना म्हणते मी. तेच मंतर म्हणता ना तुम्ही, तेच."

कोथिंबीर निवडणारी इंदूबाई फिसकन हसली. येसूबाई हसली नाही.

"आमटीत मीठ घातलं का नाय, ते मला बी रोजच्याला आठवत नाय," ती म्हणाली. "म्हून मी चाखून बघते. देवाला इचारत नाय बसत. तू कशी गं अशी?"

हर्षलानं तबूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"माझ्या पणतवाचं नाव ठेवायचा दिस, नि तू हे सांगाया आलीस." मग येसूबाई विपुलकडे वळली. "वत ते पिंप. बघतोस काय? गोठ्यामागं वत. नि कर्जतला फोन लाव, जार मागव टेंपोत."

विपुल कुरकुरला. आठ किलो साखर गेली, म्हणाला. सकाळी सगळ्यांनी तेच पाणी प्यायलं, आता ओतून काय उपयोग, असंही म्हणाला. पण पिंप उचललं. केशरी सरबत शेणाच्या खड्ड्यात गेलं, आणि हर्षला तिथून निघाली ती घरोघर. हंडे ओता, माठ ओता, प्यायचं असेल ते उकळून प्या. कुणी ओतलं, कुणी दार लावलं. खालच्या आळीतली एक तर म्हणाली, दोन वर्षं तुमच्या देवाचं नि पावडरीचं पाणी पाजलंत, आज नुसतं देवाचं पाजलंत, आता बाधतं कोणतं ते बघू. दुपारपर्यंत तिची दीड आळी झाली होती, आणि तबू खांद्यावर झोपून गेली होती.

जना सव्वा वाजता आली. येसूबाईच्या घरात हंडाभर पाणी मुद्दाम ठेवलेलं होतं. पाहुण्यांच्या घोळक्यात जनानं परीक्षानळी भरली, थेंब टाकले, हलवली आणि उजेडाकडे धरली. आत पाळण्याचं गाणं चालू होतं. पाणी होतं तसंच राहिलं. जनानं आणखी दोन थेंब टाकले. पिवळेपणाचा मागमूस नाही.

खात्री झाल्यावर बरं वाटेल, असं हर्षलाला वाटलं होतं. तसं झालं नाही.

धनेश सरपंच पाहुण्यांत होताच. तो ओरडला नाही. विषय महिन्याच्या मीटिंगला घ्यावा लागेल एवढंच म्हणाला, आणि तोवर पावडर तूच टाक, दुसरं चढणार कोण, असंही म्हणाला. रात्री कमलेशनं ऐकून घेतलं, उद्यापासून बसआधी मीही येतो बघायला म्हणाला. ती नको म्हणाली. जनाचं म्हणणं, तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. बाधणार असेल तर बहुतेक तेवढ्यात कळेल.

ते तीन दिवस हर्षलाला कधी सरतील असं झालं. पहाटे टाकीवर ती झाकण उघडायची, पेला भरायची, पावडर बादलीत पडताना मोठ्यानं म्हणायची, टाकली. आता तिच्याच वेळेला येऊ लागलेला गजा खालून ओरडायचा, ऐकलं. ढवळताना मात्र तोंड बंद. तबूच्या कपाळाला हात लावून ती दिवस सुरू करायची आणि मग पोरीला घेऊन गावात. प्रत्येक दारात एकच प्रश्न, पोट बरंय ना सगळ्यांचं?

"आली गं पोटाची इन्स्पेक्टर," इंदूबाई ओरडायची. पण दुसऱ्या दिवशी तिनंच थांबवून सांगितलं, की सासऱ्याला चार दिवस झालीच नाही, त्यावर काय करावं?

दोन वर्षं या घरांना ती पाणी देत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या उंबऱ्यापाशीही गेली नव्हती. आता कळत होतं. वरच्या आळीत एक म्हातारा होता, त्याला रोजच्या गोळ्या गिळायला दोन तांबे पाणी लागायचं. शाळेमागच्या घरात जुळी होती, तबूच्याच वयाची, आणि त्यांची आई बाटल्या उकळायला गॅस पुरत नाही म्हणून त्या नुसत्या विसळायची. तेच पाणी. तिनं ज्या अंधारात जांभई दिली, त्या अंधारातून थेट या बाटल्यांत. हर्षला घरी येऊन त्या जुळ्यांसाठी पाणी उकळून न्यायची, आणि वाटेत तिच्या तोंडात आपोआप त्यांची नावं यायची. तिला कळायचंही नाही, की आपण काही म्हणतोय.

दुसऱ्या संध्याकाळी निरोप आला, खालच्या आळीतल्या नवशाला जुलाब लागलेत. ती धावली. नवशा खाटेवर वाकडा पडला होता. तिनं मीठ-साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं, नाडी कशी बघतात ते येत नसताना मनगट धरून बसली. प्रभो, याला हे माझ्यामुळे नको. तासाभरानं नवशाच्या बायकोनं सांगितलं, की बारशाला यानं अकरा बुंदीचे लाडू खाल्ले, पैज लावून, आणि उरलेले आज संपवले. नवशा म्हणाला, नऊच. हर्षलाला हसू आलं नाही. लाडू की पाणी, कोण सांगणार? तिनं जनाला फोन लावला आणि ती येईपर्यंत त्याच्या खाटेशी बसून राहिली. सकाळी तो उठून शेतावर गेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिची फेरी पुरी झाली. एकच घर उरलं होतं, ते तिनं तिन्ही दिवस शेवटी ठेवलं होतं.

येसूबाई एकटीच होती. मांडव उतरवलेला, बाळ-बाळंतीण आत निजलेली. हर्षला अंगणातच उभी राहिली.

"आजी, पोट बरंय ना सगळ्यांचं?"

"माझं बरं हाय. समीक्षाचं बरं हाय, ती उकळलेलंच पिते. प्वार बी बरं हाय." येसूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझं सांग. तीन दिस काय खाल्लंस काय नाय? त्वांड बघ कसं झालंय."

"खाल्लं की."

"खोटं बोलतीस. त्या दिशी खरं बोललीस तवा बरी दिसलीस." ती गुडघ्यांवर जोर देऊन उठली. "मीटिंगला मी येणार हाय, ठावं हाय ना? बोलणार हाय."

हर्षलानं विचारलं, "काय बोलणार, आजी?"

"ते तिथंच ऐक." येसूबाई दारातून आत गेली आणि आतूनच ओरडली, "भायेर काय उभी? प्वार उन्हात हाय."

ओटीवर येऊन हर्षला थांबली. आतून पुन्हा हाक आली, आत ये म्हणून. ती चुलीपाशी गेली. येसूबाईनं पाट सरकवला, ताटलीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. तबूच्या हातात भाकरीचा कडक पापुद्रा दिला, चाव म्हणाली, दाताला चांगला. मग कोपऱ्यातल्या माठातून तांब्या बुडवून पेला भरला आणि हर्षलापुढे ठेवला. स्वतःसाठीही एक भरला.

हर्षलानं पेला उचलला. तिनं डोळे मिटले, पण म्हटलं काहीच नाही. मग प्यायली.

येसूबाईनंही एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आज जास्त पडलीय गं."

"हो," हर्षला म्हणाली, "आज जरा जास्तच पडली."

"उंद्या बेतानं टाक," येसूबाई म्हणाली, आणि पेला रिकामा केला.